नाव न सांगितलेली बाटली

मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रावर जात नाही. समुद्राचा तो विसाव्याचा वार. त्या दिवशी होडी लोटली तर वर्षभर जाळं रिकामं येतं, अशी आमच्या अनोमासा शहरातल्या कोळ्यांची समजूत आहे. म्हणून जुन्या गोदीत मंगळवार हा रंगाचा वार ठरला होता. साठ-सत्तर होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असायच्या आणि त्यांच्या कडेला गुडघे टेकून माझे बाबा, एको बेंट्सिल, अक्षरं काढत बसायचे. ‘देवाला उशीर होत नाही.’ ‘शेजाऱ्या, तुझं तू बघ.’ ‘आईला विचारून ये.’ होडीवाला सांगेल ते वाक्य, पण वळण बाबांचं. त्या वळणामुळे होडी क्षितिजावर असतानाच कुणाची ते किनाऱ्यावरून ओळखू यायचं.

आई, आराबा, घराच्या दारात यंत्र मांडून निशाणं शिवायची. आमच्या शहरात दर वस्तीच्या तरुण संघाला आपलं निशाण लागतं. त्यावर कापडातून कापलेले मासे, मगरी, किल्ल्या, माणसं शिवलेली असतात आणि चित्राआड एखादी म्हण दडलेली असते. बाबा शब्द लिहायचे, आई शब्दांवाचून बोलायची. त्यावरून दोघांचं रोज भांडण.

“तुझ्या या मगरीला दात किती गं?” बाबा होडीवरून ओरडायचे.

“तुझ्या अक्षरांना जेवढ्या शेपट्या, तेवढे.”

घर म्हणजे एके काळी मिठाचं गोदाम होतं. माझ्या जन्माआधी दोघांनी ते घेतलं तेव्हा त्याला छप्पर नव्हतं, आत शेळ्या बसत. आईने डोक्यावरून वाळू वाहिली, बाबांनी विटा रचल्या. मग शेजारच्या पडक्या गोदामात फिफी ढोलवाला आला, जकातीच्या जुन्या कचेरीत कवी आले, मासे भाजणारी मन्सा संध्याकाळी त्यांच्या ताफ्यात गाऊ लागली. शहरात ज्यांना कुणी घर देत नव्हतं ते सगळे गोदीत आले. खाऱ्या वाऱ्यानं भिंती खाल्ल्या, त्यांनी त्या रंगवल्या. मग एक दिवस शहराच्या लक्षात आलं, की ही जागा सुंदर आहे.

त्या मंगळवारी, ज्या दिवसापासून मी ही हकिकत धरते, वाळूत लाल चिंध्या बांधलेल्या मोजणीच्या खुंट्या दिसल्या. कुणी ठोकल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. मन्सा माशांची टोपली घेऊन आली आणि तिनं एक खुंटी पायानं हलवून पाहिली.

“एको, माझ्या भिंतीवर लिहून दे रे. ‘हे घर विकाऊ नाही.’ मोठ्या अक्षरात.”

बाबांनी त्या आठवड्यात गोदीतल्या चौदा भिंतींवर ते वाक्य लिहिलं. आई म्हणाली, “आता आपल्या भिंतीवर. आणि खाली दोघांची नावं.”

“आपल्या घराला कोण गिऱ्हाईक?”

“हसू नकोस. कागदावर तुझं एकट्याचं नाव आहे.”

“मग काय झालं? मी आहे ना.”

“तू आहेस तोवर,” मन्सा मध्येच बोलली. “आपल्यात नवऱ्याच्या घरात बायको म्हणजे भाड्याचा मंडप. कार्य उरकलं की सोडला. घर जायचं बहिणीच्या पोराला.”

“बहिणीचा पोर म्हणजे क्वामिनाच ना?” बाबा हसले. “त्याला आराबानं वाढवलाय. तो मामीला बाहेर काढेल?”

क्वामिना तिथंच उभा होता. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, बंदराच्या कचेरीत कारकून. त्याची आई, माझी आत्या अबा, व्यापाराला आत देशात गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आईनं त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं. तो ओशाळून म्हणाला, “काय मामा, काहीतरीच.”

“तरी लिही,” आई म्हणाली.

“लिहीन गं. उद्या. मृत्युपत्र केलेला माणूस वर्ष काढत नाही. माझ्या बापानं केलं आणि पावसाळा पाहिला नाही. तुला माझी एवढी घाई आहे?”

या वाक्यापुढे आमच्याकडच्या बायका गप्प बसतात. आईही बसली. अशा गप्प बसण्यावर किती घरं उभी आहेत आणि किती पडली, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

गोदीतली घरं विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला. डाडझी त्याचं नाव. इस्त्रीचा पांढरा सदरा, मऊ आवाज. घराच्या किमती विचारत तो कधीच फिरला नाही. चौकातल्या भिंतीपुढे तो उभा होता. तिथं आमच्याकडे निधनाचे फलक लावतात. मेलेल्याचा हसरा फोटो, वय, मागे राहिलेल्यांची नावं, कुळाचा प्रमुख कोण, वारस भाचा कोण. डाडझी एकेक फलक वाचत होता आणि वहीत उतरवून घेत होता. बाबांनी त्याला विचारलं, “नातलग का कुणाचे?”

“नाही हो,” तो म्हणाला. “अक्षरं पाहतो. तुमचीच ना? फार सुंदर आहेत.”

पुढच्या पावसाआधी बाबा गेले. एका होडीच्या नाळेवर वाक्य लिहीत होते. अर्ध्यात छातीवर हात ठेवून वाळूत बसले, ते उठले नाहीत. होडीवाल्यानं ते अर्धं वाक्य अजून पुरं केलेलं नाही.

मी राजधानीतल्या कॉलेजात साहित्य शिकवते; खुंट्या दिसल्या तेव्हा सुट्टीला घरी होते, बाबा गेले तेव्हा तिकडे. पोचले तोवर भिंतीवर बाबांचा फलक लागला होता, जाड कागदाचा, आमच्या ऐपतीपेक्षा मोठा. आठव्या दिवसाचा मंडप, खुर्च्या, कर्णे, सगळं आधीच येऊन पडलं होतं. “कुणी केलं?” मी विचारलं. क्वामिना म्हणाला, “कंपनीनं पाठवलं. मामा कलावंत होते ना. ते मान देतात.”

विधवेनं त्या दिवसांत चटईवर बसायचं, काळं नेसायचं आणि परपुरुषाशी बोलायचं नाही; विचारलं तर जवळच्या बाईच्या कानात सांगायचं. आईच्या जवळची बाई मी होते. लोक येत होते, सांत्वनाची दारूची बाटली ठेवत होते. दर बाटलीबरोबर आणणाऱ्याचा बोलका, म्हणजे त्याच्या वतीनं बोलणारा माणूस, पुढे होऊन मोठ्यानं सांगायचा, “ही होडीसंघाकडून, दुःखाची.” “ही ढोलवाल्यांकडून, दुःखाची.” मेजावर रांग लागली होती.

सगळ्यांत शेवटी बाबांच्या कुळाचे प्रमुख आले, नाना अमिसा. मागे अबा आत्या आणि क्वामिना. नानांचा बोलका काहीच बोलला नाही. नानांनी बाटली मेजावर ठेवली नाही. वाकून आईच्या मांडीवर ठेवली.

आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आज नीट वाचू शकते. तेव्हा मला वाटलं, ती थकली आहे, हे लवकर आटपावं. मी बाटली उचलली, बूच काढलं, थोडी जमिनीवर ओतली, मग आईच्या पेल्यात, मग नानांच्या. पाहुण्याला ताटकळत ठेवू नये, हे मला आईनंच शिकवलं होतं. आईनं पेला हातात धरून ठेवला. चाळीस माणसं पाहत होती. मी हळूच म्हणाले, “घे ना आई, म्हातारं माणूस उभं आहे.” तिनं ओठ ओले केले.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या एकदम गप्प झाल्या. ती शांतता मला शोकाची वाटली.

मन्सा मागच्या अंगणात चुलीपाशी होती. ती हात पुसत आली आणि आईच्या हातातला पेला पाहून थबकली.

“ही कुणी ओतली?”

“मी.”

“नाव विचारलंस तिचं?”

“कसलं नाव?”

“अगं, बाटलीला नाव असतं! दुःखाची, सोयरिकीची, माफीची, निरोपाची. नाव सांगितल्याबिगर कुणी मांडीवर ठेवतं का? एवढाली पुस्तकं वाचलीस आणि...” आईनं हात वर करून तिला थांबवलं.

चाळिसाव्या दिवशी कुळाची बैठक आमच्याच घरात बसली. आईनं पहाटेपासून मक्याचे उंडे शिजवले होते, मासे तळले होते. सगळे पोटभर जेवले. मग नाना अमिसांनी तोंड पुसलं.

“आराबा, तू एकोची चांगली सेवा केलीस. कुळ तुझं ऋणी आहे. आता तू मोकळी आहेस.”

“मोकळी म्हणजे?” मी विचारलं.

“पोरी, तू एकोची मुलगी, पण कुळाची नाहीस. तू आईच्या कुळाची. ऐकून घे. घर क्वामिनाचं. त्यानं ते कंपनीला द्यायचं ठरवलंय.”

आई पहिल्यांदा बोलली. “क्वामिना, तू ठरवलंस?”

क्वामिना ताटातल्या काट्यांकडे पाहत होता. “मामी, सगळी गोदीच जाणार आहे. आज नाही दिलं तर उद्या फुकट जाईल. तुला मी खोली बघून देतो. चांगली. नळ आहे.”

“समुद्र आहे का?”

त्यानं एक काटा ताटाच्या कडेला सरकवला.

“मी या भिंतींसाठी वाळू वाहिलीय,” आई म्हणाली. “तू त्या वेळी जन्मला नव्हतास.”

“मग त्याच वेळी बोलायचं होतंस ना वहिनी,” अबा आत्या म्हणाली. “निरोपाची बाटली घेतलीस, प्यायलीस, म्हणजे घर सोडलंस. चारचौघांत. आता कशाला रडगाणं?”

“निरोपाची आहे असं कुणी सांगितलं होतं?”

“विचारलं कुणी होतं?”

सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. विधवेनं बोलायचं नाही हा नियम त्यांचा, आणि तिनं विचारलं नाही हा गुन्हा तिचा. त्या दोन्हींच्या मधे तिला एकच तोंड होतं, माझं, आणि मी ते न विचारण्यासाठी वापरलं होतं.

मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. “कायदा तुमच्या आईच्या बाजूचा आहे,” त्या म्हणाल्या. “बायको-मुलांना वाटा देणारा कायदा होऊन कितीतरी वर्षं झाली. पण ते म्हणतील, बाईंनी राजीखुशीनं हक्क सोडला, चाळीस साक्षीदार आहेत; नाव हळूच कानात सांगितलं, असंही म्हणतील. त्यांच्या घरातला एक माणूस आणा, जो सांगेल की बाटलीचं नाव सांगितलं नव्हतं.”

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती निशाणाचे तुकडे घडी करून पेटीत भरत होती.

“म्हणजे क्वामिनाला कोर्टात उभा करायचा?”

“हो.”

“ज्याला खरूज झाली तेव्हा तीन महिने मी समुद्राच्या पाण्यानं आंघोळ घातली, त्याला पिंजऱ्यात उभा करू? नको एकुआ. तो शहाणा होईल.”

आमच्या चालीरीतींची सगळी ताकद याच वाक्यात आहे. ज्यांचं सर्वस्व जातं, त्यांच्याच मायेवर त्या उभ्या असतात.

आईची नवी खोली शहराच्या मागच्या अंगाला होती, मोटारींच्या दुरुस्तीच्या ओळीत. नळ होता. यंत्र खिडकीपाशी मांडलं, पण ऑइलचे डाग कापडावर पडत, म्हणून तिनं त्याच्यावर चादर टाकली. निशाणं सांगायला कोण येणार तिकडे? मी दर पंधरा दिवसांनी जायचे. ती मला राजधानीतल्या पावसाचं विचारायची. घराचं नाही.

गोदीत कंपनीनं काय केलं, ते ऐकून दूरच्या माणसाला चांगलंच वाटेल. त्यांनी कलेला हात लावला नाही. बाबांनी रंगवलेली आमची पुढची भिंत जशीच्या तशी ठेवली, तिच्यावर काच बसवली, रात्रंदिवस दिवे लावले. मागचं सगळं पाडून तिथं कॉफीचं दुकान केलं. नाव ‘पेंटरचं घर’. अक्षरं बाबांचीच, यंत्रानं उतरवून घेतलेली. ताफ्याला आठवड्यातून एकदा वाजवायला बोलवत. बाकीचे दिवस आवाजाची तक्रार होई. चौदा भिंतींपैकी पाचांवरचं ‘हे घर विकाऊ नाही’ पुसलं गेलं. पाचही घरांत आधी मरण आलं होतं, आणि पाचही ठिकाणी मंडप आणि कर्णे आधीच येऊन पडले होते.

एका दुपारी आई मला म्हणाली, “चल, भिंत बघून येऊ.” आम्ही गेलो. काचेपुढे ती बराच वेळ उभी राहिली. बाबांच्या एका निळ्या माशाखाली तिनं काढलेला छोटा खेकडा होता, लग्नाच्या वर्षी थट्टेनं काढलेला; तो काचेत तसाच होता. मग ती आत जाऊन एका खुर्चीवर बसली. कामावरची मुलगी लगबगीनं आली. मुलगी वाईट नव्हती.

“आजी, इथे बसायचं तर आधी जागा राखून ठेवावी लागते.”

“ठेवली होती गं,” आई म्हणाली. “एकतीस वर्षं.”

मुलीला कळलं नाही. ती हसली. आई उठली.

त्या वर्षी उत्तरेचा कोरडा वारा लवकर आला. सगळ्या शहरावर धूळ बसली. आईच्या छातीत कफ साचला आणि नऊ दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशी तिनं यंत्रावरची चादर काढायला सांगितली. मी काढली. तिनं नुसतं पाहिलं.

तिचा आठवा दिवस मी त्या खोलीत केला नाही. जुन्या गोदीत, मन्साच्या अंगणात केला. कंपनीचा मंडप दारात आला तेव्हा मन्सानं पोराबाळांसकट सगळ्यांना बाहेर काढून तो परत पाठवला. लोक उन्हात बसले. फिफीनं ढोल उलटा करून ठेवला. बाबांच्या आठव्याला जे होते, त्यांतले बहुतेक त्या दिवशीही होते.

नाना अमिसा आले. आता पाठीशी बोलका म्हणून क्वामिना होता, सुटातला. कॉफीच्या दुकानाची देखरेख त्याच्याकडे होती. नानांनी बाटली पुढे केली. मी हात पुढे केला नाही.

“नाना, हिचं नाव सांगा.”

“नाव काय सांगायचं? तुझी आई गेली. दुःखाची.”

“तुम्ही नाही. रीत आहे. बोलक्यानं सांगायचं, मोठ्यानं.”

क्वामिनानं घसा खाकरला. “ही एको बेंट्सिलच्या कुळाकडून. दुःखाची.”

“ठेवा मेजावर,” मी म्हणाले. “आता एक विचारते. बाबांच्या आठव्याला तुम्ही एक बाटली आईच्या मांडीवर ठेवली. तिचं नाव काय होतं?”

“ते झालं गेलं,” अबा आत्या म्हणाली. “मेलेल्या बाईच्या अंगणात भांडण काढतेस?”

“भांडण नाही आत्या. नाव विचारतेय. त्या दिवशी मी विचारलं नाही, ती माझी चूक. क्वामिना, तू तिथं होतास. नाव काय होतं?”

तो आईच्या फोटोकडे पाहत होता. फोटोत तिच्या मांडीवर अर्धं निशाण होतं.

“निरोपाची,” तो म्हणाला.

“तेव्हा सांगितलं होतं?”

“क्वामिना!” नानांचा आवाज चढला.

“नाही,” क्वामिना म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “नाही सांगितलं. सांगायचं नाही असं ठरलं होतं. डाडझीसाहेब म्हणाले, मामी बोलणार नाही आणि एकुआला रीत ठाऊक नाही. मंडप त्याचसाठी आला होता, साक्षीला माणसं जमावीत म्हणून.”

ज्या लोकांनी आईला पिताना पाहिलं होतं, त्यांनी हे ऐकलं. क्वामिना खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा, तोंडावर मनगट धरून रडला. त्याला कुणी जवळ घेतलं नाही. घेणारी एकच होती.

दावा आता कोर्टात आहे. क्वामिनानं आपला जबाब लिहून सही केली आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. घर परत मिळालं तरी ती त्यात राहणार नाही, हे मला माहीत आहे.

दर दुसऱ्या मंगळवारी मी राजधानीहून येते. त्या दिवशी पुरुष किनाऱ्यावर असतात. मी घरोघर जाते, कागद मांडते आणि सांगते, दोघांची नावं लिहा. चौतीस घरांपैकी अकरांनी लिहिली आहेत. बाकीचे हसतात, उद्या म्हणतात.

“मास्तरीणबाई,” फिफी म्हणाला, “बायकोचं नाव घातलं तर ती मला मारून टाकेल.”

“नाही घातलं तरी मारेल,” त्याची बायको आतून म्हणाली, “तुझा ढोल ऐकून.” पण त्यानं सही केली.

मन्साच्या नवऱ्याला महिनाभर खोकला आहे. कागद अजून झालेला नाही. तो म्हणतो, बरा झालो की करू. मागच्या मंगळवारी मी तिच्या अंगणात मासे उलटायला बसले होते, तेव्हा उंबऱ्यात सावली पडली. डाडझी होता. तोच पांढरा सदरा, तोच मऊ आवाज. हातात रंगीत कागदात गुंडाळलेली बाटली.

“मन्साबाई, यजमानांची तब्येत कशी आहे? लवकर बरे व्हावेत म्हणून सहज आणली.”

मन्साचे हात माशांच्या तेलानं माखले होते. ती उठली नाही.

“आधी हिचं नाव सांग.”

तो हसला. “भेट आहे हो साधी. भेटीला कसलं नाव?”

“मग उंबऱ्याबाहेर ठेव,” मन्सा म्हणाली, “आणि तिथंच उभा राहा. ए फिफी! सगळ्यांना बोलाव रे. हा नाव सांगणार आहे.”

लोक जमू लागले. डाडझी अजून हसत होता, पण बाटली त्यानं खाली ठेवली नव्हती. मी आतून कागद आणि पेन आणलं आणि मन्साच्या नवऱ्याच्या खाटेपाशी जाऊन बसले.